दोन कंत्राटांमधला जिना

‘वरील कामांव्यतिरिक्त रुग्णालय प्रशासन वेळोवेळी सांगेल ती इतर सर्व कामे कंत्राटदाराच्या कामगारांनी विनातक्रार करावयाची आहेत.’

हे वाक्य माझं आहे. मूळ कुणी रचलं ते मला माहीत नाही. मी आधीच्या निविदेतून उचललं, त्या माणसाने त्याच्याही आधीच्या निविदेतून उचललं असणार. पण ज्या कागदाबद्दल मी लिहिणार आहे, त्यावर ‘तयार केले’ या शब्दांपुढे माझी सही आहे. तेव्हा जबाबदारी वाटून घ्यायला मी कुणाला बोलावणार नाही.

पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी निविदा शाखेत काढली. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण हे प्रकरण अजून न्यायालयात आहे. संपादकांचा आग्रह होता की दिवाळीचा अंक आहे, थोडं प्रसन्न लिहा. तसं जमणार नाही हे मी त्यांना आधीच कळवलं होतं. तरी लिहा म्हणाले. आता त्यांनी तक्रार करू नये.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण सदाशिव पेठेत माझ्या शेजाऱ्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. सरकार हल्ली पुष्कळशी कामं स्वतः करत नाही, करून घेतं. फरशी पुसणं, पहारा, चादरी धुणं, लिफ्ट, जनरेटर, रुग्णांचं जेवण, या सगळ्याची कंत्राटं निघतात. कंत्राट म्हटलं की लोकांना फक्त दर आठवतो: पाकीट उघडल्यावर कुणाचा कमी निघाला आणि कुणाचं कुणाशी साटंलोटं होतं. पण निविदेच्या मधोमध चार-पाच पानं असतात, त्यांना ‘कामाची व्याप्ती’ म्हणतात. कोणतं काम, कुणी, दिवसातून किती वेळा, कशाने करायचं आणि ते झालं हे कसं ओळखायचं, एवढंच त्या पानांत असतं. ती पानं लिहिणं हे माझं काम. ती नीट लिहिली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकली तर काय होतं, याचा पहिला धडा मला जनरेटरने दिला होता.

जनरेटरच्या निविदेत मी लिहिलं होतं, ‘संच सदैव चालू स्थितीत ठेवणे.’ एका दुपारी वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही. शस्त्रक्रियागृहात एका माणसाचं पोट उघडलेलं होतं आणि तिथले दिवे बॅटरीवर चालले होते. मी धावत खाली गेले, तर कंत्राटदाराचा ऑपरेटर खुर्चीवर शांत बसलेला. टाकीत डिझेल नव्हतं. तो म्हणाला, “यंत्र चालू स्थितीत आहे, बाई. डिझेल घाला, लगेच चालेल.” डिझेल कुणी भरायचं हे मी लिहिलंच नव्हतं. कंत्राटदाराला वाटलं रुग्णालय भरेल, रुग्णालयाला वाटलं कंत्राटदार. वीज पाऊण तासाने आली, त्या रुग्णाला काही झालं नाही, आणि म्हणून आम्ही तो किस्सा पुढे कितीतरी वर्षं चहाच्या वेळी हसत सांगत राहिलो. मीही हसत असे. तो इशारा होता आणि मी त्याचा विनोद केला, हे मला फार उशिरा कळलं.

कुंदा वानखेडे ही सफाईच्या कंत्राटावरची बाई. यवतमाळकडची. नवऱ्याला इकडे एका कारखान्यात काम मिळालं म्हणून दोघं मुलीला घेऊन आली आणि शहराबाहेर मांजरी गावात खोली घेऊन राहिली. सकाळी सातच्या पाळीसाठी ती दोन बस बदलून यायची. पहिली दोन वर्षं तिच्याकडे आमचा, म्हणजे कार्यालयाचा मजला होता, म्हणून माझी ओळख. टेबलावरचा कागद ती विचारल्याशिवाय हलवायची नाही. बोलायला मोकळी होती आणि पुणेकरांच्या तुटक बोलण्याचं तिला नवल वाटायचं. एकदा मला म्हणाली, “मॅडम, तुमच्या पुन्यात मानसाले ‘बसा’ म्हनायले काय लागते हो?” मी तिला लगेच बसायला सांगितलं. ती हसली, पण बसली नाही. मजला पुसून व्हायचा होता.

पुढे तिला दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात टाकलं आणि आमची भेट कमी झाली.

आता जे घडलं ते मी क्रमाने सांगते. त्यातलं काही तिच्याकडून कळलेलं, काही कागदांवरून. वॉर्डात रक्त लागलेला कापूस, नळ्या, बँडेज अशा कचऱ्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या असतात. सुयांसाठी वेगळा, न टोचणारा डबा असतो. सुई पिशवीत जाता कामा नये, पण घाईत जाते. या भरलेल्या पिशव्या रोज दुसऱ्या मजल्यावरून खाली, अंगण ओलांडून कुंपणालगतच्या कचराखोलीत न्याव्या लागत. लिफ्टमधून न्यायला बंदी होती, कारण लिफ्ट रुग्णांची. नियम योग्यच होता. म्हणून जिन्याने. हे काम कुंदाला वॉर्डाच्या सिस्टरने सांगितलं होतं. त्या सिस्टरला तिच्या आधीच्या सिस्टरने तसं सांगितलं होतं. कुंदा रोज दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उतरायची.

एका सकाळी जिन्याच्या वळणावर पिशवी मांडीला घासली आणि आतली सुई साडीतून आत घुसली. तिने ती उपटली, पिशवी खाली नेऊन ठेवली, अंगणातल्या नळावर जखम धुतली आणि वर येऊन राहिलेला वॉर्ड पुसला. पाळी संपताना सिस्टरला सांगितलं. सिस्टर म्हणाली, अपघात विभागात जा. तिथे म्हणाले, केसपेपर काढून आणा. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, रुग्णालयाची की कंत्राटी? कंत्राटी असेल तर कंत्राटदाराचं पत्र लागेल. कंत्राटदाराचा मुकादम म्हणाला, एवढ्या मोठ्या दवाखान्यात काम करतेस, पत्र कशाला पाहिजे, तिथेच दाखव. ती पुन्हा खिडकीपाशी गेली नाही. बस गेली असती.

आमच्या कायम कर्मचाऱ्याला सुई टोचली तर काय करायचं, हे भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं. नोंदवहीत नोंद, लगेच रक्ततपासणी, त्याच दिवशी इंजेक्शन. ते इंजेक्शन ज्या फ्रिजमध्ये होतं तो कुंदाच्या वॉर्डाच्या बरोबर खालच्या मजल्यावर होता. ती रोज त्याच्या डोक्यावरच्या फरशीवरून पोछा फिरवत होती. पण नोंदवहीत तिच्यासाठी रकाना नव्हता, कारण ती आमची नव्हती.

तीन महिन्यांनी ती आमच्याच रुग्णालयात भरती झाली. डोळे पिवळे, उलट्या, उठवत नाही अशी अवस्था. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. तपासणाऱ्या डॉक्टरने विचारलं, कधी सुई टोचली होती का. तिने सगळं सांगितलं आणि त्या भल्या माणसाने ते केसपेपरवर जसंच्या तसं लिहिलं. त्या दोन ओळींमुळे फाईल उघडली. कंत्राटदाराला पत्र गेलं, त्याचं उत्तर आलं, आणि फाईल माझ्या टेबलावर आली. वर अधीक्षक साहेबांचा शेरा: ‘निविदेच्या व्याप्तीबाबत अभिप्राय द्यावा.’

मी माझीच कागदपत्रं काढून वाचायला बसले. सफाईच्या कंत्राटात लिहिलं होतं, ‘वॉर्ड, मार्गिका व परिसर स्वच्छ ठेवणे.’ दवाखान्याचा घातक कचरा गाडीने बाहेर नेणारं दुसरं कंत्राट होतं. त्यात लिहिलं होतं, ‘संकलन कक्षातून कचरा उचलणे.’ संकलन कक्ष म्हणजे ती कुंपणालगतची कचराखोली. वॉर्डातून त्या खोलीपर्यंत पिशवी कोण नेणार, हे कोणत्याच कंत्राटात नव्हतं. एक कंत्राट वॉर्डाच्या दाराशी संपत होतं, दुसरं खोलीच्या दारापासून सुरू होत होतं. मधले दोन जिने आणि एक अंगण मी कुणालाच दिलं नव्हतं. दोन्ही निविदा मीच लिहिलेल्या, एकाच टेबलावर, बहुधा एकाच महिन्यात. मी उठून तो रस्ता चालून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सफाईचे कंत्राटदार बबनराव दुसऱ्याच दिवशी आले. शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावचे हे गृहस्थ. जमिनीवर इमारती उठल्या आणि हे कंत्राटदार झाले. पांढरे कपडे, आवाज हळू, आणि माझ्या पाहण्यात निविदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा हा एकच माणूस. बाकीचे दराचं पान तेवढं वाचायचे.

ते म्हणाले, “म्याडम, माजी बाय पोछा मारायला हाय. पिशवी उचलायची, हे कुटं लिवलंय ते दावा.”

मी त्यांना ‘प्रशासन सांगेल ती इतर सर्व कामे’ हे वाक्य दाखवलं. त्यांनी ते चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि विचारलं की सांगितलं कुणी, त्याचा कागद कुठाय. कागद नव्हता. मग ते म्हणाले, “सुया उचलायच्या व्हत्या तर आदी लस टोचायची, हातमोजं द्यायचं, बायांना शिकवायचं. तुमी लिवलं असतं तर मी केलं असतं. न्हाई लिवलं, तर मी का करू?”

त्या क्षणी मला त्या माणसाचा जो संताप आला तो मी विसरलेले नाही. त्याच्या पगारपत्रकावरची बाई आमच्या वॉर्डात पिवळी होऊन पडली होती आणि हा मला व्याकरण शिकवत होता. पण त्याचं व्याकरण बरोबर होतं, म्हणून जास्त संताप.

मी साहेबांकडे गेले. वैद्यकीय अधीक्षक, सर्जन म्हणून हाताला यश असलेले, कागदाच्या बाबतीत अतिशय सावध. त्यांना म्हटलं, सगळी इतर कामं करावीत असं आपणच लिहिलंय, तेव्हा ती बाई आपलंच काम करत होती असा अभिप्राय मी देते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तसं लिहिलं तर काम आपण सांगितलं असं ठरेल, म्हणाले. मग सिस्टरवर येईल, आणि सिस्टरवर आलं की माझ्यावर. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते अगदी थोडक्यात सांगितलं. “लेलेबाई, पिशवी हा शब्द सफाईच्या निविदेत आहे का? नाही ना? मग तेवढंच लिहा.”

आणि मी तेवढंच लिहिलं. ‘कचऱ्याच्या पिशव्या वॉर्डातून संकलन कक्षापर्यंत नेण्याचा सफाई सेवेच्या निविदेत स्पष्ट उल्लेख आढळून येत नाही.’ यातला एकही शब्द खोटा नाही. ‘इतर सर्व कामे’ या वाक्याचा उल्लेख मी केला नाही, एवढंच. माझ्या निवृत्तीला तेव्हा पाच वर्षं होती, आईचं आजारपण चालू होतं, साहेबांशी वाकडं नको होतं. ही कारणं मी स्वतःला तेव्हा दिली होती. आज वाचकांना देताना मला ती पुरेशी वाटत नाहीत.

माझ्या वाक्यावर फाईल बंद झाली. शेवटचा आदेश असा होता: ‘सदर कामगाराने व्याप्तीबाहेरील काम स्वेच्छेने केलेले असल्याने प्रशासनाची जबाबदारी उद्भवत नाही.’

स्वेच्छेने. हा शब्द साहेबांच्या शाईत होता, पण त्याला बसायला जागा मी करून दिली होती. सकाळी सातला दोन बस बदलून आलेली बाई, हौस म्हणून रक्ताच्या पिशव्या घेऊन दोन जिने उतरते. कुणीतरी त्या आदेशावर सही करताना एकदा हा चित्रपट डोळ्यांपुढे आणून पाहायला हवा होता. बबनरावांनी गैरहजर म्हणून तिचं नाव पटावरून काढलं. तिच्या जागी आलेली बाई दुसऱ्या दिवसापासून त्याच पिशव्या घेऊन तोच जिना उतरू लागली. तिलाही कुणी हातमोजे दिले नव्हते.

सफाईच्या कंत्राटाची मुदत वर्षभराने संपत होती. नवी निविदा तयार करायची म्हणजे जुनी फाईल कॉम्प्युटरवर उघडायची, वर्ष बदलायचं आणि छापायची. मी ती फाईल उघडली नाही. साहेबांकडून आठवड्याची परवानगी घेतली आणि रोज सकाळी सातला वॉर्डात जाऊन सफाईच्या बायांबरोबर फिरले. त्यांनी एखादं काम केलं की वहीत लिहायचं, आणि ते कुणी सांगितलं तेही लिहायचं. पहिला पूर्ण दिवस त्या माझ्यापासून लांबच राहिल्या. त्यांना वाटलं मी कामचुकार शोधायला आले आहे.

आठवड्याच्या शेवटी वहीत एकेचाळीस कामं झाली. निविदेत होती सहा. स्ट्रेचर ढकलणं, ऑक्सिजनची नळकांडी सरकवणं, डॉक्टरांचा चहा आणणं, ज्याचं कुणी नाही अशा म्हाताऱ्याला भरवणं, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणं. रुग्ण गेला की त्याची हनुवटी बांधेपर्यंत डोकं धरून ठेवणं. हे शेवटचं काम करणारी बाई मला म्हणाली की पहिल्या वेळी ती रात्रभर झोपली नव्हती, आता सवय झाली. मी वहीत कामापुढे ‘कुणी सांगितले’ या रकान्यात ‘सिस्टर’ लिहिलं. सिस्टरला विचारलं, तर ती म्हणाली की हे काम वॉर्डबॉयचं आहे, पण वॉर्डबॉयच्या जागा भरलेल्याच नाहीत. असं एकेक काम ओढत गेलं की टोकाला एक रिकामी जागा निघायची. न भरलेल्या जागांचं सगळं ओझं ‘इतर सर्व कामे’ या तीन शब्दांत भरून आम्ही ते त्या बायांच्या डोक्यावर दिलं होतं, विनातक्रार.

मग मी लिहायला बसले. ‘स्वच्छ ठेवणे’ काढून टाकलं. ते काम नाही, ती इच्छा आहे. त्याऐवजी लिहिलं: वॉर्ड दिवसातून तीनदा पुसायचा, दर खोलीनंतर पाणी बदलायचं, प्रत्येक वेळी सिस्टरची सही घ्यायची. डॉक्टरांचा चहा खोडला. मृतदेहाचं काम खोडलं. पिशव्यांचं काम खोडता येत नव्हतं, कुणीतरी ते करायलाच हवं. म्हणून त्याला पूर्ण एक पान दिलं. पिशव्या हातात धरायच्या नाहीत, चाकांच्या झाकणबंद डब्यातून न्यायच्या, त्यासाठी मागची उताराची वाट वापरायची. जाड हातमोजे आणि बूट कंत्राटदाराने द्यायचे. पहिल्या दिवसाआधी लस टोचलेली हवी. आणि सुई टोचलीच तर त्या बाईने थेट अपघात विभागात जायचं; केसपेपर नंतर, पत्र नाही, नोंद आमच्याच नोंदवहीत, इंजेक्शन त्याच दिवशी.

साहेबांनी हे शेवटचं कलम खोडून फाईल परत पाठवली. कंत्राटी माणसाचं नाव आपल्या नोंदवहीत घेतलं तर उद्या ती कायम करा म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. मी कलम पुन्हा घालून फाईल वर पाठवली. ती पुन्हा परत आली. तिसऱ्या वेळी मी सोबत एक टिपण जोडलं: हे कलम वगळायचे असल्यास कारण लेखी नमूद करावे, ही विनंती. सरकारी कार्यालयात माणूस कशालाही भीत नाही, पण लेखी कारणाला भितो. चौथ्या दिवशी फाईल सही होऊन आली. शेरा नव्हता. साहेब त्यानंतर माझ्याशी कामापुरतंही बोलेनासे झाले, निरोप शिपायाकरवी येऊ लागले. मला ते सोयीचं पडलं.

निविदा भरण्याआधी इच्छुक कंत्राटदारांची बैठक असते, शंका विचारायला. बबनराव सगळी पानं खुणा करून घेऊन आले होते. बैठकीत एकच बोलले, की एवढं लिहिलंय तर दर वाढणार. मी म्हटलं, वाढू द्या. बैठक संपल्यावर ते जिन्यात माझ्यासाठी थांबले. मला वाटलं काही मागणं असेल. ते म्हणाले, “चांगलं लिवलंय. हे आदी लिवायचं व्हतं,” आणि उतरून गेले.

कंत्राट पुन्हा त्यांनाच मिळालं आणि लिहिलेलं त्यांनी केलं, हे सांगायला हवं. पुढच्याच वर्षी एका बाईला सुई टोचली. मी नोंदवही मागवून पाहिली. नोंद होती, वेळ होती, इंजेक्शन दिल्याची सही होती. सगळं पाऊण तासात झालं होतं. शाखेतल्या लोकांनी माझं अभिनंदन केलं. मी नोंदवही मिटून परत पाठवली. इतकं सोपं होतं. एका परिच्छेदाचं काम होतं, आणि तो परिच्छेद लिहायला आम्हाला एक बाई आजारी पाडावी लागली.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात मी स्कूटर काढून मांजरीला गेले. कुंदाचा पत्ता जुन्या केसपेपरवर होता, पण ती खोली पाडून तिथे इमारत झाली होती. विचारत विचारत उसाच्या रानाला लागून असलेल्या एका चाळीत ती सापडली. वाळली होती. एका मोठ्या सोसायटीत लॉबी पुसायचं काम धरलं होतं. जिने चढवत नाहीत म्हणून फक्त लॉबी. मुलगी कॉमर्सला होती. मला बघून तिला आनंद झाला आणि तिने सगळ्यात आधी खुर्ची पुढे केली. तो आनंद मी फार वेळ टिकू दिला नाही. नवं कंत्राट कसं केलं ते सांगितलं, आणि मग फाईल, साहेबांचं म्हणणं आणि मी लिहिलेलं वाक्य, सगळं सांगितलं.

ती चहा ठेवत होती. तिने गॅस बंद केला.

“म्हंजे तुमाले मालूम होतं,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

“मले वाटे, कोनाले मालूमच नसन. कोनी सांगितलंच नसन वर. म्हनून झालं असन असं.”

चहा झाला नाही. मी उठले. ती दारापर्यंत आली नाही आणि ते बरोबरच होतं.

आठ-दहा दिवसांनी तिच्या मुलीचा फोन आला. मुलगी नीट, शांत बोलत होती. म्हणाली, “आई विचारतेय, तुम्ही जे आम्हाला सांगितलंत ते दुसऱ्या कुणासमोर सांगाल का?”

मी सांगेन म्हटलं. एका ओळखीच्या वकीलबाईंना घेऊन आम्ही कामगार न्यायालयात अर्ज केला. उशीर फार झाला होता. तो माफ करून घेण्यातच कित्येक तारखा गेल्या. पुराव्यासाठी माझंच टिपण हवं होतं. ज्या कपाटाची किल्ली अकरा वर्षं माझ्याकडे होती, त्यातला माझ्या सहीचा कागद मिळवायला मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. पहिलं उत्तर आलं, अभिलेख आढळून येत नाही. अपील केल्यावर आढळला.

साक्षीच्या दिवशी मी जे इथे लिहिलंय ते सगळं सांगितलं. रुग्णालयाच्या वकिलांनी विचारलं की अधीक्षकांशी तुमचे संबंध बिघडले होते, तेव्हा तुम्ही रागातून बोलत आहात हे खरं का. मी म्हटलं, “राग आहे. पण टिपण माझ्या रागाच्या आधीचं आहे, ते वाचा.” न्यायाधीशबाईंनी ते स्वतः वाचलं, मग दोन्ही कंत्राटं मागवून घेतली आणि त्यांतली दोन वाक्यं लावून पाहिली. मधल्या जिन्याचं काम कुणाचं, असं त्यांनी रुग्णालयाच्या वकिलांना विचारलं. त्यांनी वेळ मागितला. मग बबनरावांच्या वकिलांना विचारलं. त्यांनीही वेळ मागितला.

निकाल या वर्षी लागला. काम करतानाच इजा झाली, काम स्वेच्छेने केलेलं नव्हतं, आणि रुग्णालय व कंत्राटदार दोघेही जबाबदार आहेत, असं त्यात आहे. दोघेही अपिलात गेले आहेत. इतकी वर्षं एकमेकांकडे बोट दाखवणारे हे दोघं आता एकाच बाजूला, एकाच बाकावर बसतात.

निकालाची प्रत घेऊन मी मांजरीला गेले. मुलीने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कुंदाने तिला थांबवलं. तिला आधी एकच पाहायचं होतं. आमच्या निविदेत, करारात, हजेरीच्या गोषवाऱ्यात, बंद झालेल्या फाईलमध्ये, सगळीकडे ती ‘मनुष्यबळ’ होती, ‘सदर कामगार’ होती. हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी तिने विचारलं, “माह्यं नाव कुठं हाय याच्यात?”

मी पहिल्या पानावर बोट ठेवलं. ‘कुंदा देवराव वानखेडे, अर्जदार.’

तिने ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग पान उलटून विचारलं, आणखी कुठं आहे. मुलीने पेन्सिल घेतली आणि तिघी मिळून आम्ही ते नाव शोधत पुढे गेलो.